पाळी जाण्याच्या वयातला रक्तस्राव: आधी कारण, मग उपचार

पंचेचाळीस-पन्नाशीच्या घरातल्या बाईने पाळीची तक्रार सांगितली की तिला बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, पाळी जाताना असे अंगावर जायचेच, दोन-तीन वर्षे सोसले की सुटका होते. दुसरे उत्तर दवाखान्यात मिळते: पिशवीला सूज आहे, आता तिचे काही काम उरलेले नाही, काढून टाका. ही उत्तरे एकमेकांच्या उलट दिसत असली तरी दोन्हींत एकच गोष्ट राहून जाते, ती म्हणजे रक्त नेमके कशामुळे जाते आहे याचा शोध. हा शोध फार अवघड नाही, फार महागही नाही आणि बहुतेक तपासण्या जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर होऊ शकतात. तरीही तो घेतलाच जात नाही, आणि त्यामुळे एखादीचा कॅन्सर अंगावर काढला जातो, तर एखादीची निरोगी पिशवी काढली जाते. म्हणून या लेखात उपचारांपेक्षा तपासण्यांच्या क्रमावर अधिक भर दिला आहे.

या वयात पाळी का बिघडते

पाळी गेली असे म्हणण्यासाठी सलग १२ महिने पाळी न येणे आवश्यक असते. त्यामुळे रजोनिवृत्ती झाली हे नेहमी मागे वळून पाहूनच ठरते. भारतात हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास येते, तर पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या जवळ आहे. त्याआधीची काही वर्षे हा संक्रमणाचा काळ असतो आणि तक्रारी प्रामुख्याने याच काळातल्या असतात.

दर महिन्याला गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर दोन संप्रेरकांचे काम चालते. पाळी संपल्यानंतर इस्ट्रोजेन हे अस्तर वाढवते. महिन्याच्या मध्यावर अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडले की त्या जागी प्रोजेस्टेरॉन तयार होऊ लागते आणि ते वाढलेल्या अस्तराला घट्टपणा आणते, त्याची वाढ थांबवते. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरके एकदम कमी होतात आणि सगळे अस्तर एका वेळी, ठरावीक दिवसांत गळून पडते. चाळिशीच्या उत्तरार्धात मात्र अनेक महिने स्त्रीबीज बाहेर पडतच नाही. बीज नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, आणि इस्ट्रोजेन मात्र कधी कमी, कधी नेहमीपेक्षाही जास्त प्रमाणात तयार होत राहते. पहिला थर वाळू न देता त्यावर सारवणाचे थर चढवत गेले तर ते जसे जागोजागी पोपडे धरून गळते, तसे हे अस्तर वाढत जाते आणि मग कुठून तरी, केव्हा तरी सुटू लागते. दोन-अडीच महिने पाळीचा पत्ता नाही आणि मग पंधरा दिवस गाठीसकट रक्त जाते आहे, हा या वयातला नेहमीचा अनुभव यातूनच येतो.

म्हणजे घरातल्या मोठ्या बायकांचे म्हणणे पूर्णपणे चूक नाही. पाळीतले अंतर पुढे-मागे होणे, दोन पाळ्यांमध्ये ६० दिवसांहून अधिक खंड पडणे, हळूहळू रक्त कमी होत जाणे, हे सगळे अपेक्षित आहे. अडचण अशी की अस्तराची रोगट वाढ, पॉलिप (अस्तरावर एका जागी आलेला मऊ कोंब), गर्भाशयाच्या गाठी, थायरॉइडचा बिघाड किंवा कॅन्सर यांतले रक्तही बाहेरून अगदी असेच दिसते. केवळ लक्षण ऐकून त्यांतला फरक ना घरातल्यांना सांगता येतो, ना डॉक्टरांना.

किती म्हणजे जास्त

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, घातलेल्या मर्यादा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर २४ ते ३८ दिवस असावे आणि रक्त ८ दिवसांपेक्षा जास्त दिवस जाऊ नये. पूर्वी एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर ते अतिरिक्त धरत असत, पण घरी ते मोजणार कोण? आता विचारला जाणारा प्रश्न अधिक व्यवहार्य आहे: या रक्तस्रावामुळे बाईच्या कामावर, झोपेवर, बाहेर जाण्यायेण्यावर आणि तब्येतीवर परिणाम होतो आहे का? तासा-दोन तासाला पॅड किंवा कापड बदलावे लागणे, रात्री त्यासाठी उठावे लागणे, एका वेळी दोन पॅड लावावे लागणे, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, यांतले काहीही दर पाळीला होत असेल तर तो रक्तस्राव जास्त आहे. दोन पाळ्यांच्या मध्येच डाग दिसणे आणि शरीरसंबंधानंतर रक्त येणे या दोन गोष्टी प्रमाणाने कितीही थोड्या असल्या तरी तपासून घ्याव्यात.

याची दुसरी बाजू अशक्तपणाची. दर १ मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते, आणि आहारातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह रक्तात उतरते. महिन्याला दीडशे-दोनशे मिलिलिटर रक्त जाणाऱ्या बाईचा हा हिशेब कधीच जुळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. म्हणजे अनेक बायका या टप्प्यावर पोहोचतात तेव्हा शरीरातला लोहाचा साठा आधीच रिकामा असतो. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत गेले की शरीर त्याची सवय करून घेते, आणि ७ ग्रॅमवर आलेली बाईही पाणी भरते, भाकऱ्या थापते, शेतावर जाते. जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, माती किंवा खडू खावासा वाटणे ही लक्षणे तिने वयाच्या खात्यावर टाकलेली असतात.

तासाला एक पॅड पूर्ण भिजत असेल आणि हे दोन तासांहून अधिक वेळ चालू असेल, किंवा रक्तस्रावाबरोबर चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी, गार घाम येत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे.

कारणे

फिगोने २०११ साली या रक्तस्रावाच्या कारणांची मांडणी प्रसिद्ध केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला पाम-कोइन म्हणतात आणि आज भारतातले स्त्रीरोगतज्ज्ञही तीच वापरतात. तिचा पहिला भाग सोनोग्राफीत, दुर्बिणीतून किंवा तपासलेल्या तुकड्यात दिसू शकणाऱ्या कारणांचा आहे: अस्तरावर वाढलेला पॉलिप, ॲडिनोमायोसिस, म्हणजे अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंत शिरून पिशवी जड व दुखरी होणे, फायब्रॉइडच्या गाठी, आणि अस्तराची रोगट वाढ किंवा कॅन्सर. दुसऱ्या भागात चित्रात न दिसणारी कारणे येतात. रक्त गोठण्यातला दोष, स्त्रीबीज बाहेर न पडण्यातला बिघाड, अस्तराच्या स्वतःच्या कार्यातला दोष आणि औषधांमुळे किंवा उपकरणांमुळे होणारा रक्तस्राव ही त्यांतली मुख्य. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या, तांबी, संप्रेरकांच्या गोळ्या आणि स्तनाच्या कॅन्सरनंतर दिले जाणारे टॅमॉक्सिफेन हे सगळे या शेवटच्या गटात मोडते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची चिठ्ठी सोबत न्यावी, वैद्यांनी किंवा ओळखीच्या दुकानदाराने दिलेल्या पुड्यांसह.

एकाच बाईत दोन कारणे असू शकतात, हे या मांडणीने ठसवले, आणि माझ्या मते तिचा सर्वात मोठा उपयोग हाच आहे. सोनोग्राफीत एक लहानशी गाठ दिसली म्हणून रक्तस्राव त्या गाठीमुळेच आहे असे ठरत नाही.

तपासण्यांचा क्रम

सुरुवात प्रश्नांनी होते. गेल्या सहा महिन्यांतल्या पाळीच्या तारखा, किती दिवस रक्त गेले, किती पॅड लागले, मध्येच डाग दिसले का, याची नोंद कॅलेंडरवर करून नेली तर डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते. पाळी सुरू झाल्यापासूनच जास्त जात होती का, दात काढल्यावर किंवा बाळंतपणात रक्त थांबायला वेळ लागला होता का, हे रक्त गोठण्याच्या दोषासाठी विचारले जाते. वजन, मधुमेह, रक्तदाब, पूर्वीचे पीसीओएस (अंडाशयाचा बिघाड, ज्यात बीज नियमित बाहेर पडत नाही), मूल न झालेले असणे, आईला किंवा बहिणीला गर्भाशयाचा अथवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असणे, या गोष्टी अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढवतात. लठ्ठपणाचा संबंध थेट आहे, कारण चरबीच्या पेशींतही इस्ट्रोजेन तयार होते आणि त्याला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन या वयात नसते.

त्यानंतरची तपासणी अनेकदा टाळली जाते आणि ती टाळणे सर्वात धोक्याचे ठरते. योनिमार्गात उपकरण घालून गर्भाशयाचे मुख प्रत्यक्ष पाहणे, एवढीच ही तपासणी आहे. बाई संकोचते, पाळी चालू असताना कशी तपासणी करायची असे तिला वाटते, आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही थेट सोनोग्राफी लिहून देतात. पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीच्या अवस्थेत पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत दिसत नाही, तो डोळ्यांनी आणि पेशींच्या चाचणीने सापडतो. भारतातल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल हाच कॅन्सर आढळतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास जगभर मानला जातो: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कॅन्सर घडवणारा विषाणू शोधणारी चाचणी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच मराठवाड्यातल्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा आहे, आणि त्याचा लाभ मराठवाड्यातल्या प्रत्येक बाईला मिळालाच पाहिजे. रक्तस्रावाच्या निमित्ताने डॉक्टरांकडे गेलेल्या बाईची ही चाचणी झालेली नसेल तर ती त्याच वेळी करून घ्यावी. अशी तपासणी केल्यावर कधी कधी रक्त गर्भाशयातून येतच नाही, लघवीच्या मार्गातून किंवा मूळव्याधीतून येते, हेही उघड होते.

रक्ताच्या तपासण्या मोजक्या आहेत. हिमोग्लोबिन व पेशींची मोजणी, थायरॉइडची चाचणी, साखर, आणि शक्य असल्यास लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणी. गरोदरपणाची चाचणीही करावी, कारण पाळी पूर्ण थांबेपर्यंत गर्भ राहू शकतो आणि ४६ व्या वर्षी झालेला अर्धवट गर्भपात अनियमित पाळी म्हणून दुर्लक्षिला जाऊ शकतो. एफएसएच (अंडाशयाला बीज वाढवायला लावणारे संप्रेरक) आणि इस्ट्रोजेनची पातळी मोजायला मात्र बहुतेक वेळा सांगू नये. या काळात त्यांचे आकडे आठवड्या-आठवड्याला बदलतात आणि उपचारांचा निर्णय त्यांवरून बदलत नाही.

मग सोनोग्राफी. योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा अस्तर आणि गाठी कितीतरी स्पष्ट दाखवते. पाळी येत असेल तर ती पाळी संपता संपता, चौथ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास केल्यास उत्तम, कारण त्या वेळी अस्तर सर्वात पातळ असते आणि पॉलिप लपत नाही.

शेवटची पायरी अस्तराचा तुकडा तपासण्याची, म्हणजे बायोप्सीची. अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांत ४५ वर्षांवरील बाईला अनियमित रक्तस्राव असेल तर ही तपासणी पहिल्याच टप्प्यात सुचवली आहे. भारतात बरेच तज्ज्ञ ४० हीच रेषा धरतात. वजन खूप असेल किंवा औषधांनी फरक पडत नसेल तर त्याआधीही ती करावी लागते. यासाठी साधारण तीन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी गर्भाशयात घालून अस्तराचे कण ओढून घेतात. भूल द्यावी लागत नाही, काही मिनिटांचे काम असते, पाळीच्या वेळी येते तशी कळ येते आणि बाई थोड्या वेळाने घरी जाते. या नळीने पॉलिपसारखी एकाच जागी असलेली वाढ सुटू शकते. अहवाल चांगला आला तरी रक्त थांबत नसेल किंवा सोनोग्राफीत पॉलिपची शंका असेल तर दुर्बिणीने गर्भाशयाच्या आत पाहून नेमक्या जागेचा तुकडा घेतात. पूर्वी यासाठी सरसकट क्युरेटिंग केले जाई. ते न पाहता केलेले खरवडणे असते, त्यात काही भाग राहून जातो आणि उपचार म्हणून त्याचा परिणामही एक-दोन पाळ्यांपुरताच टिकतो. तेव्हा रक्त थांबवण्यासाठी दरवेळी 'पिशवी साफ' करून घेण्याला अर्थ नाही.

अहवालातले शब्द वाचताना

सोनोग्राफीच्या कागदावरचे तीन शब्द अनेक बायकांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत घेऊन जातात, म्हणून त्यांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

पहिला शब्द 'बल्की', म्हणजे गर्भाशय आकाराने मोठे. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या बाईचे गर्भाशय थोडे मोठे असणे स्वाभाविक आहे. ॲडिनोमायोसिसमुळेही ते मोठे होते, पण तसे असेल तर त्याची इतर चिन्हे अहवालात लिहिलेली असतात. नुसते 'बल्की' हे निदान नाही आणि त्यावरून कोणताही उपचार ठरवता येत नाही.

दुसरा शब्द फायब्रॉइड. ही स्नायूंची गाठ असते, चाळिशीनंतर ती फार बायकांमध्ये सापडते आणि ती कॅन्सर असण्याची शक्यता अत्यंत कमी असते. गाठ किती सेंटिमीटरची आहे याकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण रक्तस्रावासाठी ती कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे असते. अस्तराच्या खाली, पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ दर महिन्याला बाईला अंथरुणाला खिळवू शकते, तर गर्भाशयाच्या बाहेरच्या बाजूला असलेली पाच सेंटिमीटरची गाठ पाळीवर काहीच परिणाम करत नाही. शिवाय पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपोआप आक्रसतात. रजोनिवृत्तीनंतर एखादी गाठ वाढत असेल तर मात्र ती तातडीने दाखवावी.

तिसरा म्हणजे अस्तराच्या जाडीचा आकडा. पाळी पूर्ण गेलेल्या आणि रक्तस्राव झालेल्या बाईत ४ मिलिमीटरची रेषा पाळतात. पाळी चालू असलेल्या बाईला ही रेषा लागू होत नाही. महिन्याच्या दिवसांनुसार तिचे अस्तर ४ पासून १४-१५ मिलिमीटरपर्यंत बदलत असते, त्यामुळे १२ मिलिमीटरचा आकडा पाहून कॅन्सरच्या भीतीने रात्री जागून काढण्याचे कारण नाही. आणि आकडा लहान आहे म्हणून सतत होणाऱ्या रक्तस्रावाकडे दुर्लक्ष करण्याचेही नाही.

पाळी गेल्यानंतर आलेले रक्त

बारा महिने पाळी आली नाही आणि मग एके दिवशी डाग दिसला, तर तो 'परत आलेली पाळी' म्हणून सोडून देऊ नये. तो एकदाच दिसला, फिका गुलाबी होता, दुखत नव्हते, यांतल्या कशानेही तपासणीची गरज कमी होत नाही. यामागचे आकडे आश्वासक आणि इशारा देणारे, दोन्ही प्रकारचे आहेत. अशा रक्तस्रावाने येणाऱ्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ जणींना अस्तराचा कॅन्सर निघतो, म्हणजे बाकी एक्क्याण्णव जणींना तो नसतो. इस्ट्रोजेन संपल्याने अस्तर व योनिमार्ग कोरडा आणि नाजूक होणे, पॉलिप, संप्रेरकांची औषधे ही त्यांची कारणे असतात. दुसरीकडे, अस्तराचा कॅन्सर झालेल्या शंभरातल्या सुमारे नव्वद जणींना रक्तस्राव झालेला असतो. एवढ्या लवकर आणि एवढ्या उघडपणे सूचना देणारे कॅन्सर थोडे आहेत. गर्भाशयापुरता मर्यादित असताना तो सापडला तर पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते.

या बायकांत योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल, तर कॅन्सर नसण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून अधिक असते आणि लगेच बायोप्सी केली नाही तरी चालते. त्याहून जाड असेल, अस्तर नीट दिसत नसेल किंवा पातळ असूनही पुन्हा रक्त आले, तर बायोप्सी करावीच. कोरडेपणामुळे रक्त येत असल्याचे निश्चित झाले तर योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेनच्या अल्प मात्रेच्या मलमाने बहुधा आराम पडतो.

उपचार

कारण कळले की उपचार आपसूक सुचतात. पॉलिप दुर्बिणीतून काढतात. पोकळीत डोकावणारी गाठही त्याच मार्गाने काढता येते आणि पोटावर टाका पडत नाही. थायरॉइडचे औषध सुरू केल्यावर काहींची पाळी सुरळीत होते. कॅन्सर निघाला तर शस्त्रक्रिया कॅन्सर रुग्णालयात किंवा त्यातल्या तज्ज्ञाकडेच करावी, कारण पहिली शस्त्रक्रिया योग्य रीतीने होण्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

अस्तराची रोगट वाढ, म्हणजे हायपरप्लेसिया, हा शब्द बायोप्सीच्या अहवालात आला तर त्यापुढे 'ॲटिपिया', म्हणजे पेशींचे रूप बिघडलेले असणे, आहे की नाही हे पाहावे. ॲटिपिया नसेल तर वीस वर्षांत त्याचा कॅन्सर होण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असते आणि प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातल्या औषधांनी बहुतेकींचे अस्तर पूर्ववत होते. त्यासाठी किमान सहा महिने उपचार आणि नंतर पुन्हा बायोप्सी लागते. ॲटिपिया असेल तर मात्र कॅन्सर आधीच असण्याची किंवा पुढे होण्याची शक्यता बरीच असते, आणि या वयात पिशवी काढणे हाच योग्य सल्ला ठरतो.

राहिल्या त्या बहुसंख्य बायका, ज्यांच्या तपासण्यांत गंभीर काही निघत नाही आणि रक्त मात्र जात राहते. त्यांच्यासाठी पहिली सोपी गोळी ट्रॅनेक्सामिक ॲसिड. पाळीच्या जास्त रक्त जाणाऱ्या दिवसांतच ती घ्यायची असते आणि तिने रक्तस्राव सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी कमी होतो. पायातल्या किंवा फुप्फुसातल्या रक्तवाहिनीत पूर्वी गुठळी झालेल्यांनी ती घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडने रक्त थोडे कमी होते आणि दुखणेही थांबते. स्त्रीबीज बाहेर न पडल्यामुळे पाळी विस्कळीत झाली असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातल्या गोळ्या ठरावीक दिवस देऊन अस्तर नियमाने गळू देतात. या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या की रक्त पुन्हा सुरू होते, आणि 'औषध लागू पडले नाही' असा समज होतो. इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या या वयात रक्तदाब, तंबाखूचे व्यसन, अर्धशिशी वा गुठळीचा इतिहास पाहूनच द्याव्या लागतात. मिश्रीही तंबाखूच आहे, ती डॉक्टरांना सांगावी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले ऑर्मेलॉक्सिफेन हे औषधही भारतात या तक्रारीसाठी वापरले जाते. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात 'छाया' या नावाने मिळणारी गोळी तीच. तिची या आजारासाठीची मात्रा वेगळी असते, त्यामुळे ती आपल्या मनाने सुरू करू नये.

ज्या उपायाची माहिती बायकांपर्यंत सर्वात कमी पोहोचते, तो म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारी तांबीसारखी वस्तू; मिरेना हे तिचे परिचित नाव. तांब्याच्या तांबीने रक्त वाढते, तर हिने ते ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत कमी होते. ती गर्भाशयाच्या आत राहून अस्तरापाशीच रोज अत्यल्प औषध सोडते आणि रक्तस्रावासाठी पाच वर्षे काम करते. सत्तेचाळीसच्या बाईला एकदा बसवली तर ती बहुतेक वेळा पाळी जाईपर्यंत पुरते. पहिले तीन ते सहा महिने डाग दिसत राहतात. हे आधी सांगितले नाही तर बाई कंटाळून ती काढून टाकते आणि शस्त्रक्रियेला तयार होते. अस्तर उष्णतेने नष्ट करण्याची ॲब्लेशन ही आणखी एक पद्धत आहे, पण ती मूल नको असलेल्या आणि बायोप्सी निर्दोष असलेल्या बाईलाच करतात.

यांतला कोणताही उपचार चालू असो, लोहाची भरपाई त्याच दिवसापासून सुरू व्हावी. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्यावी, आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही निदान तीन महिने चालू ठेवावी. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येते.

पिशवी काढण्याचा निर्णय

औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी, तीव्र ॲडिनोमायोसिस, ॲटिपिया आणि कॅन्सर यांत पिशवी काढण्याने अनेकींचे आयुष्य सुधारते, काहींचे वाचते. या शस्त्रक्रियेला माझा विरोध नाही, आणि सर्व मार्ग समजून घेऊन ती निवडणाऱ्या बाईला कोणी दोष देऊ नये. विरोध आहे तो ती पहिला उपाय म्हणून सांगण्याला, आणि त्यासाठी कॅन्सरची भीती घालण्याला.

ही भीती काय करू शकते हे महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ साली उघड झाले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतल्या अनेकींचे वय चाळिशीच्याही आतले होते. फडात पाणी नाही, आडोसा नाही, एक दिवस काम चुकले तर खाडा धरून पैसे कापले जातात, मुकादमाची उचल फेडायची आहे. अशा बाईला पांढरे जाते किंवा पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेल्यावर कॅन्सर होईल असे कोणी सांगितले, तर तिच्यापुढे निवडीसारखे काही उरतच नाही. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयातल्या या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकारांवरील याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचा आदेश दिला. जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमणे हा त्यांचाच भाग आहे.

शस्त्रक्रिया सुचवली गेली तर बाईने, आणि तिच्यासोबत गेलेल्या नवऱ्याने, मुलीने किंवा बहिणीने डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. रक्तस्रावाचे कारण कोणते ठरले आहे? अस्तराची बायोप्सी झाली आहे का आणि तिचा अहवाल कुठे आहे? मिरेना किंवा इतर उपाय माझ्या बाबतीत का चालणार नाहीत? अंडाशय काढणार की ठेवणार? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. रजोनिवृत्तीआधी दोन्ही अंडाशय काढले तर त्याच दिवशी पाळी जाण्याचे सगळे परिणाम सुरू होतात, आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. ठोस कारण नसेल तर या वयात ते जागेवर ठेवावेत. ते ठेवले तरी, पिशवी काढलेल्या बायकांत त्यांचे काम काही वर्षे आधी थांबू शकते.

काढलेली पिशवी तपासणीसाठी पॅथॉलॉजीला पाठवली गेलीच पाहिजे, आणि तिचा अहवाल बाईच्या हाती आला पाहिजे, कारण अनपेक्षित कॅन्सर कधी कधी तिथेच प्रथम सापडतो. शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे मुख ठेवले असेल तर त्याच्या तपासण्या पूर्वीसारख्याच चालू ठेवाव्या लागतात, म्हणून मुख काढले की ठेवले हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे आणि ते कार्ड जपून ठेवावे. पिशवी काढल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा रक्ताचा डाग दिसला, तर तोही दाखवावा लागतो. योनिमार्गाच्या वरच्या टोकाशी झालेली जखम किंवा कोरडेपणा हे त्याचे सामान्य कारण असते, पण ते पाहिल्याशिवाय ठरत नाही.